बोरींची विरळणी

कतारमध्ये कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं आणि मी "जंगलाचं काम" म्हणाले, की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतो. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, याची खात्री करून घेतो. नवरा अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे त्याच्या डोक्याबद्दल कुणालाच शंका नसते. तो शांतपणे सांगतो, "खरंच तिचा विषय तोच आहे." मग मंडळी माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागतात. जंगलाची पदवी घेऊन वाळवंटात येणं म्हणजे त्यांना वेंगुर्ल्यात स्वेटरचं दुकान टाकल्यासारखं वाटतं.

माझा विषय ओक. ओक म्हटलं की मराठी माणसाला आडनाव आठवतं, म्हणून मी घाईघाईने "हिमालयातलं झाड" असं जोडून टाकते. कुमाऊंच्या डोंगरांत त्याला बांज म्हणतात. पान वरून गडद हिरवं, खालून राखाडी-पांढरं. अमरावतीच्या उन्हात वाढलेली मी त्या डोंगरांत नाक गळत, हातात टेप घेऊन हिवाळेच्या हिवाळे फिरले. काम अगदी सोपं होतं. एका झाडापाशी उभं राहायचं आणि त्याचे सगळ्यात जवळचे चार शेजारी शोधायचे. ते चार बाजूंना चार आहेत, की लग्नात जेवणाच्या टेबलापाशी पाहुणे दाटतात तसे सगळे एकाच अंगाला? त्यांच्यात बांज किती आणि परके किती? आपल्या झाडापेक्षा थोराड किती, किरकोळ किती? बस्स. एवढ्यावर विद्यापीठ डॉक्टरेट देतं. आई म्हणाली होती, "शेजारी मोजायला इतक्या लांब कशाला गेलीस? आपल्या कॉलनीत कमी होते का?"

मी तीन प्रकारची जंगलं मोजली. एक देवीचं. तिथे कोयता न्यायची कुणाची छाती नव्हती. दुसरं गावाचं, जिथे बायका चाऱ्यासाठी फांद्या छाटायच्या आणि कुठल्या वर्षी कुठला उतार छाटायचा हे गावच ठरवायचं. तिसरं वनखात्याचं, जिथे विरळणी झाली होती. विरळणी म्हणजे गर्दीतली काही झाडं काढायची आणि उरलेल्यांना ऊन, पाणी, जागा मोकळी करून द्यायची. देवीच्या जंगलात म्हातारी झाडं वाटेल तशी विखुरलेली होती आणि एखादं म्हातारं पडून वर आभाळ उघडलं असेल, तिथे कोवळ्या पोर-झाडांचे घोळके. गावाच्या जंगलात सगळी सरमिसळ. आणि खात्याच्या जंगलात झाडं शाळेच्या कवायतीसारखी, हात लांब करून अंतर घेऊन उभी. खोडं जाड होती, दिसायला छान होतं, पण लहान झाड शोधून सापडेना. विरळणी मुळात वाईट नसते, हे मी कुठेही सांगेन. सगळ्यांना सारखं अंतर द्यायची जी हौस असते ना, ती वाईट. हे मी प्रबंधात अतिशय सभ्य भाषेत लिहिलं आणि तो प्रबंध माझ्याखेरीज तिघांनी वाचला. त्यातल्या दोघांना वाचणं भागच होतं.

मग लग्न, मग दोहा, मग अबू हमूरमधलं घर आणि बागकाम करणाऱ्या एका कंपनीत नोकरी. आमची कंपनी हॉटेलं आणि वसाहतींची कंपाउंडं हिरवी करून देते. म्हणजे खजुराची झाडं ट्रकमधून आडवी येतात आणि आम्ही ती ओळीत उभी करतो. खजुराला चार शेजारी नसतातच. पुढे एक, मागे एक, रेशनच्या रांगेसारखं. पगार वेळेवर व्हायचा, म्हणून मीही तोंड उघडत नव्हते.

समैस्मा गावाच्या उत्तरेला किनाऱ्याजवळ एक रिसॉर्ट होणार होतं, ते काम आमच्याकडे आलं. जागेच्या मधोमध एक खोलगट भाग होता. पाऊस पडलाच तर आजूबाजूचं पाणी तिथे गोळा व्हायचं, आणि त्या पाण्यावर तिथे रानबोरी उगवल्या होत्या. इथे त्यांना सिद्र म्हणतात, पण मी पाहिल्याबरोबर म्हटलं, अगं, ही तर आपली बोर! तेच आकडेबाज काटे, तीच नखाएवढी पानं. कुणी लावल्या नव्हत्या, कुणी पाणी घातलं नव्हतं. मधे एक जख्ख म्हातारी बोर एका अंगाला कललेली आणि तिच्या पाठीमागे तिच्या पोरींचा दाट घोळका. आजूबाजूला आणखी पाचसहा घोळके. मी त्या दिवशी टेप काढला तो संध्याकाळपर्यंत गुंडाळलाच नाही. प्रत्येक बोरीची जागा नकाशावर मांडली, चार-चार शेजारी काढले आणि गाडीत बसून एकटीच हसत राहिले. देवीच्या जंगलाचं गणित कुमाऊंपासून हजारो किलोमीटरवर, खाऱ्या वाऱ्यात, जसंच्या तसं उतरलं होतं.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सातारचे. आयुष्य रस्ते बांधण्यात गेलेलं. मीटिंगमध्ये ते मला मॅडम म्हणतात आणि बाहेर ताई. त्यांनी नकाशा पाहिला आणि खेदाने मान हलवली. रिसॉर्टवाल्यांना तिथे "नैसर्गिक वनात फेरफटका" हवा होता आणि साहेबांच्या मते सध्याचं वन तेवढं नैसर्गिक नव्हतं. त्यांनी नकाशावर साडेतीन-साडेतीन मीटरवर टिंबं काढली. टिंबावर येईल ती बोर राहील, बाकीच्या जातील.

"अहो, दिव्याचे खांब नाहीत ते," मी म्हणाले.

"ताई, तुमचं ते इंडेक्स-बिंडेक्स ठीक आहे. पण माणूस चालणार कुठून? आणि आपण काय तोडतोय का? स्थलांतर करतोय. सगळ्या परवानग्या आहेत."

स्थलांतर हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू बोरींना कॅनडाचा व्हिसा लागला होता. रानबोरीचं मूळ पाण्याच्या शोधात खाली खाली जात राहतं. जेसीबी ते कापतो, वरचा गोळा पोत्यात बांधतो आणि त्याला स्थलांतर म्हणतात. मी आकडे मांडले, आलेख दाखवले. म्हातारीच्या पाठीशी घोळका आहे म्हणून ती शमालच्या सोसाट्याच्या वायव्य वाऱ्यात उभी आहे, हेही सांगितलं. साहेब घड्याळ बघत होते. शेवटी, काहीतरी तरी वाचावं म्हणून, मीच बोलून गेले, "बरं, बाकीचे घोळके घ्या. पण मधला तेवढा सोडा."

"इन्शाल्ला," साहेब म्हणाले. सातारच्या माणसाने इन्शाल्ला म्हटलं की त्याचा अर्थ नाही असाच असतो.

घरी मी जेवताना तणतणले. नवरा म्हणाला, "तुझं काँट्रॅक्ट जूनमध्ये रिन्यू व्हायचंय, विसरू नकोस." लेकीने फोनमधून डोकं वर काढलं. "मम्मा, जस्ट टेल देम इट्स राँग." मी म्हटलं, "बाई गं, तेच सांगून आलेय." ती म्हणाली, "देन टेल देम अगेन," आणि पुन्हा फोनमध्ये गेली. सांगायला दोघांचंही काहीच जात नव्हतं. मला तो मधला घोळका हवा होता. इतकी वर्षं खजूर ओळीत लावून झाल्यावर एक गोष्ट, फक्त एक, माझ्या म्हणण्याप्रमाणे राहायला हवी होती.

काम सुरू झालं. कडेचे घोळके भराभर गेले. काढलेल्या बोरी पोत्यांत बांधून आवाराच्या भिंतीकडेला उभ्या केल्या, रोज टँकर पाणी घालत होता. पहिल्या आठवड्यात पानं पिवळी पडली, दुसऱ्या आठवड्यात गळाली. साहेब म्हणाले, "धक्का बसलाय, सावरतील." मी दर दोन दिवसांनी जाऊन साल नखाने खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत असतं. हिरवं हळूहळू दिसेनासं झालं. मग मी खरवडायचं सोडून दिलं.

शेवटी मधल्या घोळक्याची पाळी आली. आमचा मुकादम मालवणकडचा, पन्नाशीचा, आवाजाने भारदस्त. खणण्याआधी फांद्या छाटायचं करवतीचं काम तोच करायचा. त्या सकाळी तो म्हातारीसमोर उभा राहिला, करवत खाली ठेवली आणि साहेबांना म्हणाला, "सायबानू, ह्या झाड म्हातारा हा. हय राखणदार आसतलो. तेका इचारल्याशिवाय मी करवत लावचंय नाय."

साहेब म्हणाले, "अरे बाबा, हे कतार आहे. इथे तुझा राखणदार कुठून येणार?"

"जागो थंय राखणदार, सायब. तेका पासपोर्ट लागना नाय."

इतके घोळके त्याने विनातक्रार कापले होते, तेव्हा कुठे गेला होता राखणदार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो नियमाने वागत होता. त्याच्याकडे राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव, जुन्या झाडात राहतो. बाकीची नुसती झाडं. मी तोंड मिटून घेतलं, कारण पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या बाजूने उशीर करत होतं.

नारळ नाही, उदबत्ती नाही. देशाचे नियम त्याला ठाऊक होते. त्याने नुसतं हेल्मेट काढलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. कोकणात कुठलंही काम काढण्याआधी देवाला उभ्या-उभ्या तोंडी अर्ज करतात आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा असतो. आमची टोळी म्हणजे नेपाळी, बिहारी आणि तमिळ.

"ह्या जाग्याच्या राखणदारा, म्हाराजा!" मुकादम गरजला आणि सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिलं. "व्हय म्हाराजा म्हणा रे!"

"व्होय म्हाराजा," नेपाळ म्हणालं.

"आमी परमुलखातली पोटार्थी माणसा. सायबाचो हुकूम आसा, झाडा हलवूची आसत!"

"व्होय म्हाराजा!" बिहार सामील झालं.

"तुका तरास देवचो आमचो इचार नाय. तू हयसून दुसरीकडे जा, आणि जावचा नसात तर तसो कौल दी!"

"व्होय म्हाराजा!" हे सगळ्यांनी मिळून, तमिळनाडूसकट. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी देव मानत नाही, पण गर्दीत ओरडायला मला आवडतं.

मग कौल लावायचा होता. मुकादमाने बोरीची दोन पानं पाण्याच्या बाटलीत भिजवली आणि खोडावर छातीइतक्या उंचीला, एक उजव्या अंगाला आणि एक डाव्या अंगाला, चिकटवली. उजवं आधी पडलं तर परवानगी, डावं पडलं तर नाही. सगळे खोडाकडे टक लावून बसले. जेसीबीवाल्यानेही इंजिन बंद केलं. साहेब बाजूला फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होते, पण त्यांची नजरही अधूनमधून पानांकडे वळत होती.

वाऱ्याची झुळूक आली आणि आमच्या डाव्या हाताचं पान सुटून खाली पडलं.

"डावा!" टोळी ओरडली.

साहेबांनी फोन कानावरून काढला. "डावा कसा? देवाचा उजवा-डावा धरायचा असतो, आपला नाही! ते आपल्याकडे तोंड करून आहे, म्हणजे आपला डावा तो त्याचा उजवा. आमच्या गावात असाच धरतात. उजवा कौल आहे, चला!"

माणसाने अशा वेळी गप्प बसावं. "मूर्खपणा बंद करा, कामाला लागा," एवढं म्हटलं असतं तर दहा मिनिटांत करवत चालू झाली असती. पण सातारच्या मातीने उचल खाल्ली. त्यांनी कौलाचा अर्थ लावायला घेतला, म्हणजे कौल मान्य केला. मुकादम शांतपणे म्हणाला, "सायबानू, देवाक तोंड आसता. ह्या झाडाक तोंड खय हा?"

साहेब खोडाभोवती फिरून आले. कुणी म्हणालं, समुद्राकडे. कुणी म्हणालं, झाड ज्या बाजूला कललंय तिकडे. बिहारी ड्रायव्हरने मक्केचा मुद्दा काढला, त्यावरही थोडी चर्चा झाली. मग एकेक करून सगळे माझ्याकडे वळले. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगा. तुमचा विषय आहे."

इतक्या वर्षांत माझ्या विषयातलं मत कुणी पहिल्यांदाच मागत होतं. मी टेप काढला, उगाचच दोन मापं घेतली, कपाळाला आठ्या घातल्या आणि ठोकून दिलं, "झाडाचे जवळचे शेजारी ज्या बाजूला दाटलेले असतात, ती झाडाची समोरची बाजू. हिचे चारही शेजारी पलीकडे आहेत. म्हणजे तिची आपल्याकडे पाठ आहे. आपला डावा तोच तिचा डावा."

"शास्त्रात असं आहे?" साहेबांनी विचारलं.

"ओकवर सिद्ध झालंय," मी म्हणाले. मला खोटं पाडू शकले असते ते प्रबंध वाचलेले तिघेच, आणि ते तिघेही भारतात होते.

साहेबांनी हेल्मेटवर टिचकी मारली, रस्त्याकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं. "यल्ला, चला, आधी वाटेचे दगड बसवून घ्या. हे नंतर बघू." मुकादमाने म्हातारीला हात जोडले आणि करवत उचलून गाडीत टाकली. मला इतका आनंद झाला होता की मी घरी जाताना मिठाई घेतली. नवऱ्याने विचारलं, "रिन्यू झालं?" मी म्हटलं, "त्याहून मोठं काम झालं."

नंतर बघायला वेळच मिळाला नाही. पुढच्याच आठवड्यात रिसॉर्टचे मालक पाहणीला आले. तरुण माणूस, अंगात पांढरा पायघोळ थोब, पायात साधे बूट. मागे आठ-दहा जणांचा लवाजमा, कुणाच्या हातात टॅब, कुणाच्या हातात छत्री. मार्चचं ऊन आताच चटकायला लागलं होतं. साहेबांनी साडेतीन-साडेतीन मीटरच्या बोरींमधून त्यांना वाटेवरून नेलं, प्रत्येक झाडाखालचा दिवा दाखवला. मालक हं-हं करत चालत होते. चालता चालता वाट सोडून ते सरळ मधल्या घोळक्याकडे वळले, म्हातारीच्या कललेल्या फांदीखाली वाकून आत शिरले आणि वाळूत मांडी घालून बसले. त्यांच्या मागोमाग सगळा लवाजमा आत. टॅबवाले, छत्रीवाले, साहेब, मी, एकमेकांच्या कोपराला कोपर लावून. बाहेर इतकी मोकळी, सारख्या अंतराची झाडं उभी होती आणि एकाखालीही चिटपाखरू नव्हतं.

मालकांनी खाली पडलेली बोरं वेचून तोंडात टाकली आणि आम्हालाही दिली. इथे त्यांना कनार म्हणतात. आंबटगोड, आपल्या गावठी बोरांसारखीच. ते इंग्रजीत म्हणाले, की लहानपणी या खोलगटात ते वडिलांबरोबर यायचे, तेव्हा असे बरेच घोळके होते आणि प्रत्येक घोळक्यात बसायला वेगवेगळी जागा होती. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाकीचे कुठे आहेत?"

"रिलोकेट केलेत, सर," साहेब म्हणाले.

मालकांचा चेहरा मोकळा झाला. "अच्छा. खलास, झालं तर, मग परत आणा. जिथे होते तिथेच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण माझ्या तोंडात अजून त्या बोराची बी होती आणि मला लाज वाटत होती. बाकीचे घोळके घ्या, असं मीच म्हटलं होतं. एक मागताना मी सहा देऊन टाकले होते आणि वर मिठाई घेतली होती. "नाही आणता येणार, सर," मी म्हणाले. "ती झाडं मेली."

मालक रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले, कपड्यांवरची वाळू झटकली आणि मला विचारलं, "ती कुठे-कुठे होती, ते तरी माहीत आहे?"

ते मला माहीत होतं. एकेका बोरीची जागा, तिचे चार शेजारी, त्यांच्यातलं अंतर, सगळं. त्यावरून आम्ही नर्सरीतली गुडघ्याएवढी रोपं आणून बरोब्बर त्याच जागी लावली. घोळक्यात घोळका, कुठे दाट, कुठे विरळ. साहेबांनी एकदाही मीटरपट्टी काढली नाही. माझं काँट्रॅक्टही रिन्यू झालं. मी अजून महिन्यातून एकदा जाऊन मोजते. अंतरं अचूक जुळतात, आकडे देवीच्या जंगलासारखे येतात. फक्त एकाही रोपाची सावली अजून शेजारच्या रोपापर्यंत पोचत नाही, आणि ती पोचेल तेव्हा बघायला मी इथे नसेन.